चंद्री यायच्या आत

दीक्षा उशिरा घरी येते, एवढंच असतं तर ठकूबाईंनी एखाद्या वेळी सोडूनही दिलं असतं. पण ही पोरगी उशिरा येते, पायरीवर चप्पल काढते आणि वर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणते, "बघ आजी, कुठं उशीर झालाय?" ठकूबाईंच्या डोक्यात तिडीक जायची ती या बोटामुळे. कारण त्या घड्याळातलं ठकूबाईंना काहीच कळत नव्हतं, आणि कळत नाही हे त्यांनी आजवर घरात कुणाला कळू दिलेलं नव्हतं. कुणी वेळ विचारलीच तर त्या म्हणायच्या, "माजा चष्मा आत हाय." चष्मा त्यांनी कधी करूनच घेतला नव्हता.

बरं, घड्याळ तरी सरळ असावं. मुलगा मिलिंद रसायनीला केमिकलच्या कंपनीत, पाळीची बस चुकू नये म्हणून त्यानं ते पुढे करून ठेवलेलं. किती पुढे, यावर त्याचं आणि सुरेखाचं, म्हणजे ठकूबाईंच्या सुनेचं, कधी जमलं नाही. त्यात दीक्षा स्टुलावर चढून आपल्या सोयीनं ते मागे करायची. नवऱ्याचं, बुधाजीचं, मनगटी घड्याळ नोकरी संपली त्या साली बंद पडलं होतं आणि ते आता फक्त जयंतीच्या मिरवणुकीत घालायच्या उपयोगाचं उरलं होतं.

त्या दिवशी दीक्षा आली तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. ठकूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, म्हणजे निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या.

"कुठं व्हतीस?"

"ग्राउंडावर. पुढच्या महिन्यात खालापूरला मॅचेस हायेत."

"कबड्डी काय काळोखातच खेळतात का?"

"उजेडात पोरांचं क्रिकेट असतं गं आजी. ते उठतात तवा आमाला ग्राउंड मिळतं."

"मग पोरांना उठव."

"पोरांत आपला प्रीतम बी हाय. त्याला कोन उठवनार? तो कवा बी येतो, आन् तू त्याला गरम भाकर वाढतेस. मी आले की मला टाईम विचारतेस. शेलूच्या आत्याची जागृती माज्याच वयाची हाय. ती जेवून खाली फिरायला जाते."

"शेलूला बिल्डिंगीला गेट हाय आन् गेटाला माणूस हाय. आपल्या गेटाला काय हाय? तुजा आज्जा हाय, तो बी झोपलेला."

"मी जागा हाय," आतून बुधाजी म्हणाला.

"ते ऱ्हाऊ दे आजी," दीक्षा म्हणाली. "तू आख्ख्या आळीचा न्याय करतेस. घरातला का करत नाय?"

हे वाक्य पोरीनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. समोरच्या पायरीवर गौराबाई बसलेली होती, आणि गौराबाईच्या कानावर गेलेली गोष्ट कर्जतच्या बाजारापर्यंत जायला वेळ लागत नसे. नळावरची भांडणं, कुणाची कोंबडी कुणाच्या वाफ्यात गेली ते, असलं सगळं आळीतले लोक ठकूबाईंकडे आणत. आणि आता त्यांच्याच ओटीवर कुणी न्याय नाही म्हणतं? ठकूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"प्रीतम, इकडं ये रं." दीक्षाचा धाकटा भाऊ प्रीतम नववीत होता. तोंडात घास धरूनच तो बाहेर आला. "आजपास्नं दोघांना एकच टाईम. पोरगा-पोरगी भेद नाय."

"किती वाजताचा?" दीक्षानं विचारलं आणि पुन्हा ते बोट घड्याळाकडे गेलं.

"वाजता-बिजता काय नाय. घड्याळ फितवता येतं, आन् ते कोन फितवतंय ते मला म्हाईत हाय." ठकूबाई थोड्या थांबल्या. गोठ्यात चंद्री रवंथ करत उभी होती. "चंद्री गोठ्यात पाय टाकील तवा दोघं ओटीवर दिसली पायजेत. म्हशीला कोन फितवनार हाय?"

चंद्री ही कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. सकाळी ती आपली आपण डोंगराकडे चरायला जायची आणि दिवेलागणीला आपली आपण यायची, कारण घरी रेडकू होतं. तिच्या मागे गुराखी नाही, गळ्यात दावं नाही. तिची वेळ इतकी पक्की की ती आळीत शिरली की गौराबाई भात टाकायची. मिलिंदची रात्रपाळी असेल तेव्हा दिवसा झोपलेल्या नवऱ्याला सुरेखा चंद्री दिसली की हलवायची. ठकूबाई स्वतः रोज संध्याकाळी गौराबाईच्या पायरीवर जाऊन बसत आणि चंद्रीचं तोंड वळणावर दिसलं की उठत. ते बसणं म्हणजे ठकूबाईंचा दिवसातला एकुलता एक स्वतःचा वेळ होता. आळीतलं कुणाचं काय बिनसलंय ते त्यांना तिथंच कळे.

"आन् कोन मागं राह्यलं तर?" प्रीतमनं विचारलं.

"त्याचं महिनाभर सांच्याला घराभाईर पडणं बंद. या घरातलं कोन बी असू दे. तू अस, ती असू दे, मी असू दे."

"मी बी?" बुधाजीनं विचारलं.

"तुमी जाता कुठं?"

समोरून गौराबाई म्हणाली, "मी ऐकलंय हां ठकूबाई. सगळं ऐकलंय."

"ऐकायलाच बोलले मी."

महिनाभर बंद म्हणजे खालापूर बंद, हे दीक्षाला कळत होतं. संघात चढाईला जाणारी ती एकटी धड होती, बाकीच्या मुली रेघ ओलांडून बोनस घेण्याऐवजी दम संपला म्हणून परत येत. तरीही दीक्षानं वाद घातला नाही. "बरं आजी," म्हणाली आणि आत गेली. ठकूबाईंनी खरं तर तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला सावध राहायला सुचत नाही.

पहिले काही दिवस कायदा सुरळीत चालला. चंद्री वळणावर दिसली की ग्राउंडवरून दीक्षा अर्धा खेळ टाकून धावत सुटायची. शाळेतल्या सोनाली मॅडम मुलींना शिकवायला येत. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की अशी अर्ध्यातून पळणारी चढाईवाली मला नको, खालापूरला दुसरी कुणी नेईन. हे प्रीतमनं घरी येऊन सांगितलं. दीक्षा त्या रात्री जेवली नाही. ठकूबाईंनी तिचं ताट झाकून ठेवलं, पण कायदा तसाच राहू दिला.

त्यानंतर मात्र चंद्रीचं काहीतरी बिघडलं.

ती उशिरा येऊ लागली. पहिल्यांदा थोडी, मग चांगलीच. दिवे लागून जायचे, रेडकू ओरडून ओरडून थकायचं, आणि मग चंद्री सावकाश, जेवून हात धुऊन निघालेल्या पाहुणीसारखी आळीत शिरायची. तिच्या जरा पुढे दीक्षा, दीक्षाच्या पुढे प्रीतम. दोघं ओटीवर बसून शहाण्यासारखी म्हशीची वाट बघायची. कायद्यात कुठंच चूक निघत नव्हती.

बाकी सगळीकडे मात्र निघत होती. गौराबाईचा भात उशिरा पडायला लागला आणि तिचा नवरा रोज तिच्यावर डाफरायला लागला. दुधाची गिऱ्हाइकं तांब्या घेऊन ओटीसमोर ताटकळायची. मिलिंदला तर सुरेखानं म्हैस आल्यावरच उठवलं आणि त्याची बस गेली. त्याला कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून खालापूरच्या फाट्यापर्यंत जावं लागलं.

"आई, मोबाईलला गजर लावून देऊ का?" सुरेखानं भीत भीत विचारलं.

"गजर लाव. पण म्हस का बिघडली ते गजर सांगनार हाय का?"

गौराबाईचं मत वेगळंच होतं. "दृष्ट लागली असनार. मीठ-मोऱ्या उतरून टाका."

"आमी ते छप्पन साली सोडलं," ठकूबाई म्हणाल्या. "तू तुज्या शेळ्यांना उतर."

"शेळ्यांचं नका काढू. घरातली पेंड रोज कमी व्हायला लागलीय. उंदीर एवढे माजलेत."

ठकूबाईंनी कर्जतहून जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं चंद्रीचं पोट दाबलं, डोळे पाहिले, शेणाकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली. "काही झालेलं नाही हिला. उलट अंगानं भरलीय. शेंगदाण्याची पेंड चांगली घालताय, ती थांबवू नका."

चंद्रीला घरात पेंडीचा तुकडाही मिळत नव्हता. पण बाहेरच्या माणसासमोर आपल्या म्हशीला पेंड नाही असं म्हणून ठकूबाई कमीपणा घेणाऱ्या नव्हत्या.

"घालतोच आमी," त्या म्हणाल्या. "जनावराला कमी करत नाय या घरात."

प्रीतमला तेवढ्यात ठसका लागला आणि तो पाणी प्यायला आत गेला. दूधही वाढलं होतं. म्हैस उशिरा येते, दूध जास्त देते, आणि न घातलेल्या पेंडीचं कौतुक डॉक्टर करून जातो, याचा मेळ ठकूबाईंना रात्रभर कूस बदलूनही लागला नाही.

आणि मग तो दिवस आला. सोनाली मॅडम सामन्यांची नावं द्यायला खालापूरला गेल्या होत्या, त्यामुळे सराव बंद. दीक्षा ऊन असतानाच घरी आली. पोरांचा चेंडू ओढ्यात गेला म्हणून प्रीतमही आला. दोघं ओटीवर बसली. दीक्षानं पुस्तक उघडलं. ठकूबाई समोर गौराबाईच्या पायरीवर ऐटीत बसल्या होत्या.

"बघ," त्या गौराबाईला म्हणाल्या. "कायदा असा पायजे."

उन्हं गेली. दिवे लागले. चंद्री आली नाही.

रेडकानं सुरुवात केली. मग तांब्यावाले आले. मिलिंद पाळीचा डबा हातात घेऊन दारात उभा राहिला, कारण निघण्याआधी तो नेहमी चंद्रीचं दूध घातलेला चहा घेई. गौराबाई तांदूळ धुऊन बसली होती. "ठकूबाई, टाकू का नको?"

"मला काय इचारतेस? म्हस का माज्या खिशात हाय?"

ठकूबाई घरी आल्या. दीक्षाच्या पुस्तकाचं पान मघापासून तेच होतं. प्रीतम तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्या मांडीला चिमटा काढून समोर बघत होती.

"दीदी," प्रीतम कुजबुजला, "ती बसली असंल गं तिथंच."

"कोन बसली?" ठकूबाईंनी विचारलं.

"कोन नाय. हा इतिहासातलं बोलतोय," दीक्षा म्हणाली. मग उठली. "आजी, मी जाऊन बघू का?"

"बस खाली. म्हस कवा बी येईल, आन् तू भाईर सापडशील. तुजं खालापूर जाईल. मग रडशील मला." ठकूबाईंनी कोपऱ्यातली काठी घेतली. "मी जाते."

चंद्री फार लांब नव्हतीच. विहाराच्या पलीकडच्या ग्राउंडवर, कबड्डीच्या मधल्या रेघेवर ती पाय दुमडून बसली होती आणि शांतपणे रवंथ करत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"काय गं भवाने," ठकूबाई म्हणाल्या. "पोर उपाशी हाय तुजं. ऊठ."

चंद्रीनं कान हलवला. ठकूबाईंनी हाक मारली, गोंजारलं, शिंग धरून ओढलं, काठीनं ढोसलं, शेपूट पिरगाळलं. चंद्रीनं मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू दुसऱ्याच्या कार्यक्रमात येऊन हिची ही काय गडबड. ठकूबाईंनी पाठीला पाठ लावून ढकललं तेव्हा म्हैस जागची हलली नाही, ठकूबाई मात्र रेघेच्या अलीकडे सरकल्या.

तोवर माणसं जमली. एकानं सांगितलं पाणी मारा. दुसरा म्हणाला पायाखाली जाळ करा, त्याला ठकूबाईंनी काठी दाखवली. मिलिंद डबा घेऊनच आला आणि मोबाईलवर वेळ बघत उभा राहिला. तांदळाचं पातेलं कडेवर घेऊन गौराबाईही आली.

"रेघेवरच बसलीय की," ती म्हणाली. "पंच झालीय वाटतं."

"तू भात टाक जा," ठकूबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, पदर सुटला होता आणि कपाळ तापलं होतं. आळीचा न्याय करणारी बाई ग्राउंडावर एका म्हशीपुढे हरत होती, आणि आळी ते बघत होती.

तेवढ्यात घराकडून दीक्षा धावत आली. मागे प्रीतम.

"तुला बस म्हनलं व्हतं ना मी?"

"आजी, बाजूला हो जरा," दीक्षा खाली मान घालून म्हणाली. तिनं गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली शिटी ओढणीतून बाहेर काढली, डोळे मिटले आणि एकच लांब शिटी वाजवली. खेळ संपल्यावर मॅडम वाजवतात तशी.

चंद्री उठली. अंग झटकलं. मग प्रीतमकडे गेली आणि त्याच्या खिशात तोंड घातलं. खिशातून पेंडीचा तुकडा मातीत पडला.

ठकूबाईंनी शिटीकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं. न लागलेला मेळ एकदम लागला. रोज डोंगराकडून येणाऱ्या चंद्रीला ही पोरं ग्राउंडाशी अडवत होती, पेंड चारून बसवत होती, आणि खेळ पुरा झाला की शिटी वाजवून उठवत होती. जनावरच ते. त्याला वाटलं, शिटी झाल्याशिवाय घरी जायचं नसतं.

"म्हंजी माजे उंदीर हे," गौराबाई म्हणाली.

ठकूबाईंनी काठी उचलली. पण काठी खाली यायच्या आत प्रीतम ओरडला, "दीदी, पळ, चंद्री निघाली."

आणि खरंच चंद्री निघाली होती. आज उशीर फार झाला होता, पान्हा दाटला होता आणि रेडकाचं ओरडणं इथवर ऐकू येत होतं. ती चालत नव्हती, दुडक्या चालीनं धावत होती. ती गोठ्यात शिरण्याआधी ओटीवर दिसलं नाही तर खालापूर गेलं, हे दीक्षाच्या ध्यानात आलं आणि ती सुटली. चढाईवालीच ती. प्रीतम तिच्या मागे. त्या दोघांच्या मागे म्हैस, आणि म्हशीच्या मागे काठी उगारलेल्या ठकूबाई.

"थांबा तिथं. कोन पळायचं नाय," ठकूबाई ओरडत होत्या. म्हशीला वाटलं तिलाच म्हणतात, ती आणखी जोरात धावली. विहाराच्या कोपऱ्यावर ठकूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय चपलेत आणि एक मातीत अशा त्या लंगडत आळीत शिरल्या तेव्हा आळीतला प्रत्येक माणूस दारात उभा होता.

दीक्षा ओटीवर बसली होती. प्रीतम ओटीवर बसला होता. दोघांचे ऊर भात्यासारखे हलत होते. मिलिंद आडवाटेनं येऊन ओटीला टेकला होता. सुरेखा दारात होती. आणि चंद्री गोठ्यात उभी राहून रेडकाला चाटत होती.

बुधाजी ओटीच्या कडेला उभा होता. लग्नापासून आजवर त्याला ठकूबाईंपुढे वाक्य पुरं करायला मिळालं नव्हतं. त्यानं घसा साफ केला.

"ठकू, म्हस आली."

"दिसतंय मला."

"तू ओटीवर नव्हतीस."

समोरच्या पायरीवर पातेलं ठेवून गौराबाई म्हणाली, "मी असू दे, असं म्हनाल्या व्हत्या. मी ऐकलंय."

सुरेखानं पदर तोंडाला लावला. ठकूबाईंनी ओटीवर बसून तुटकी चप्पल काढली आणि ती बराच वेळ हातात धरून बघितली. महिनाभर संध्याकाळी बाहेर नाही. म्हणजे गौराबाईची पायरी नाही. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या घरी बघायला पाहुणे आले, हे सगळं महिनाभर त्यांना शिळं होऊन कळणार. कायदा मोडावा तर उद्यापासून नळावर कुणी त्यांचं ऐकणार नाही. आणि न मोडावा तर ही पोरगी जिंकली.

"आजी," दीक्षा हळूच म्हणाली, "मी एक दिवस तरी चंद्रीच्या मागनं आले का? तूच सांग."

ठकूबाईंनी सुरेखाच्या हातचं पाणी घेतलं, सगळं प्यायल्या आणि भांडं खाली ठेवलं.

"मिलिंद, तू जा. बस जाईल तुजी." मिलिंद गेला. "प्रीतम, उद्यापास्नं गौराबाईच्या शेळ्यांचा गोठा तू झाडायचा. खाल्लेली पेंड फिटंस्तवर. आन् दीक्षे, ती शिटी दे इकडं."

दीक्षानं गळ्यातला दोरा काढला. शिटी देताना तिचा चेहरा पडला. आता सराव गेला, खालापूरही गेलं, असं तिला वाटलं असणार. ठकूबाईंनी शिटी पदरानं पुसली, दोरा आपल्या गळ्यात घातला आणि समोरच्या पायरीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"कायदा तो कायदा. महिनाभर मी गौराबाईच्या पायरीवर जायाची नाय. पण म्हस आणायला ग्राउंडावर जायाची, ते काय हिंडणं नव्हं, ते घरचं काम हाय. तिथं बसून मी बघनार, कोन धड खेळतंय आन् कोन नुसतंच पळतंय. उद्यापास्नं शिटी माज्याकडं. मी वाजवीन तवा खेळ संपला, तवा चंद्री उठंल, आन् तवाच तुजा टाईम झाला. आन् कवा वाजवायची ते मला घड्याळाकडं बोट करून सांगायला यायचं नाय, दीक्षे. माजा चष्मा आत हाय."